काउआई बेटावर पाच दिवस: डास, पक्ष्यांचा हिवताप आणि डोंगरात घरटी करणारे समुद्रपक्षी

चंद्रपूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस हा डास मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत आले. विदर्भात हत्तीरोग पसरवणारा डास हाच. त्या रोगाचे जंतू रात्रीच माणसाच्या वाहत्या रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री साडेआठनंतर घरोघरी बोटाला सुई टोचून रक्ताचे नमुने घेत फिरत, आणि ते दृश्य मी लहानपणापासून पाहिलेले आहे. याच डासाने हवाई बेटांवरील रानपक्ष्यांच्या कितीतरी जाती संपवल्या, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. निवृत्तीनंतर लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले असताना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही उभयतां हवाई बेटांपैकी काउआई बेटावर पाच दिवस राहिलो. तेथे डासांवर चाललेले काम आणि समुद्रपक्ष्यांसाठी चाललेले काम अशी दोन्ही कामे एकाच बेटावर पाहता येतात.

कॅलिफोर्नियाहून काउआईवरील लिहुए विमानतळावर थेट विमाने जातात. तेथून पुढे गाडी भाड्याने घेण्यावाचून गत्यंतर नाही, कारण डोंगरावरच्या कोकेए अरण्यापर्यंत सार्वजनिक बस पोहोचत नाही. बहुतेक प्रवासी आधी उत्तर किनाऱ्यावरील, समुद्रपक्ष्यांचे अभयारण्य असलेले किलाउएआ टोक पाहतात आणि वेळ उरला तर डोंगर चढतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी डोंगर पाहावा, कारण टोकावर जे काही चालले आहे त्याचे कारण डोंगरात आहे.

लिहुएहून कोकेएला पोहोचायला सुमारे दीड तास लागतो. बाहेरून येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आणि गाडी उभी करण्याचे शुल्क वेगवेगळे भरावे लागते. रस्ता जेथे संपतो तेथून पिहेआ पायवाट निघते आणि पुढे आलाकाईच्या दलदलीतील लाकडी फळ्यांच्या वाटेला मिळते. उंची सुमारे १,२०० मीटर, त्यामुळे हवा गार असते आणि धुके केव्हाही उतरते. पहिल्या दिवशी धुक्यामुळे आम्हाला कालालाउ दरीचा काठसुद्धा दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोहोचलो तेव्हा तासभर आकाश निरभ्र होते. म्हणून डोंगरासाठी एक दिवस राखीव ठेवावा आणि सकाळ चुकवू नये. चिखल घोट्यापर्यंत येतो, त्यामुळे साधे स्पोर्ट्‌स शूज उपयोगाचे नाहीत.

हवाई बेटांवर मुळात एकही डास नव्हता. १८२६ मध्ये माउई बेटावरील लाहाइना बंदरात थांबलेल्या जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्सच्या अळ्या तेथे उतरल्या, असे मानले जाते. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर प्लाझमोडियम रेलिक्टम हा पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी आला, आणि लाखो वर्षे या रोगापासून दूर राहिलेल्या पक्ष्यांकडे त्याच्याशी झुंजण्याची ताकदच नव्हती. ‘इईवी’ या लाल पक्ष्याला रोगी डासाचा एक चावा बसला, तरी दहातले नऊ पक्षी दगावतात. तापमान सुमारे १३ अंशांखाली गेले की परजीवीची डासाच्या शरीरातील वाढ थांबते, त्यामुळे उंचावरील थंड अरण्य हाच उरलेल्या पक्ष्यांचा आसरा होता. हवा तापू लागली तसे डासही वर चढले. काउआईला याची झळ अधिक बसते, कारण सर्वात उंच शिखरही १,६०० मीटरपर्यंत जात नाही आणि पक्ष्यांना आणखी वर सरकायला जागाच नाही. ‘आकिकिकी’ हा करडा पक्षी २०२३ मध्ये रानात केवळ पाचच्या घरात उरला होता, बाकीचे पक्षी संगोपन केंद्रांत आहेत. त्याच वर्षी अमेरिकेने हवाईच्या आठ पक्ष्यांची नावे नामशेष म्हणून धोक्यातील जातींच्या यादीतून काढली, आणि त्यांतले चार काउआईचे होते.

आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळून आणि टाक्यांत गप्पी मासे सोडून डासांना आवर घालता येतो. आलाकाईत ते शक्य नाही. तेथे ओढ्याकाठची डबकी मोजता येत नाहीत, आणि हवाईच्या रानांत मोकाट डुकरे झाडासारख्या वाढलेल्या नेच्यांची खोडे पोखरून खातात आणि त्या पोकळ्यांत साचलेल्या पाण्यात अळ्या होतात. म्हणून येथे वापरला जाणारा उपाय वेगळा आहे. वोल्बाखिया हा जिवाणू १९२४ मध्ये क्युलेक्स डासातच प्रथम आढळला. नर आणि मादी यांच्या शरीरात या जिवाणूचे परस्परांशी न जुळणारे प्रकार असतील, तर त्यांच्या मिलनातून आलेली अंडी उबत नाहीत. म्हणून वेगळ्या प्रकारचा वोल्बाखिया दिलेले नर डास प्रयोगशाळेत वाढवून रानात सोडले जातात. नर चावत नाहीत, त्यामुळे पक्ष्यांना किंवा माणसांना त्यांचा उपद्रव नाही. माउईवर २०२३ च्या अखेरीस हेलिकॉप्टरमधून हे काम सुरू झाले, आणि आता काउआईचाही त्यात समावेश आहे. या कामात ड्रोनही वापरले जाऊ लागले आहेत. एकदा सोडून भागत नाही, आठवड्यामागून आठवडा नवे नर सोडत राहावे लागते.

येथे एक जुनी आठवण नोंदवते. याच तत्त्वावर हान्नेस लावेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये ब्रह्मदेशातील ओकपो या खेड्यात हाच क्युलेक्स संपवून दाखवला होता, आणि तो प्रयोग हत्तीरोगासाठी होता. त्यानंतर दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालवला, परंतु वर्तमानपत्रांतील आरोपांच्या गदारोळात तो १९७५ मध्ये बंद पडला. माणसांसाठी जे काम आपण अर्ध्यावर सोडले, ते पन्नास वर्षांनी पक्ष्यांसाठी होत आहे. त्या फळ्यांच्या वाटेवर उभी असताना मला याचे समाधान वाटले आणि हळहळही वाटली.

आम्हाला वाटेवर ‘आपापाने’ आणि ‘एलेपाइओ’ हे पक्षी नीट दिसले. आकिकिकी दिसेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये, आणि पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज तर मुळीच वाजवू नयेत. पायवाटेच्या तोंडाशी बूट घासण्यासाठी ब्रश ठेवलेले असतात. तळव्यांची माती जाताना आणि येताना दोन्ही वेळा काढावी, कारण ‘ओहिया’ वृक्षांना मारणारी बुरशी मातीतून पसरते आणि हे वृक्षच गेले तर त्यांच्या मधावर जगणारे पक्षी कसे उरतील?

याच डोंगरांच्या नेच्यांनी झाकलेल्या उतारांवर समुद्रपक्षी बिळे करून अंडी घालतात, हे मला तेथे जाईपर्यंत नीट उमगले नव्हते. न्यूवेलचा शिअरवॉटर, ज्याला स्थानिक लोक ‘आओ’ म्हणतात, आणि हवाईचा पेट्रेल म्हणजे ‘उआउ’, हे पक्षी दिवस समुद्रावर काढतात आणि पिल्लांसाठी रात्री डोंगरात परततात. जगातील सुमारे ९० टक्के आओ काउआईवर घरटी करतात. १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत रडारवर दिसणारी त्यांची ये-जा ९४ टक्क्यांनी घटली. यांचा मोठा शत्रू डास नाही. मांजरे, उंदीर आणि डुकरे बिळांत शिरतात, आणि अंधारात उडताना पक्षी विजेच्या तारांवर आदळतात. डासांमुळे पसरणारा पक्ष्यांचा देवीरोग मात्र आल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांनाही होतो, त्यामुळे किनाराही डासांपासून पूर्णपणे सुटलेला नाही.

किलाउएआ टोकावरील अभयारण्यात १९१३ चा दीपस्तंभ आहे. तेथे जाण्यासाठी आधी ऑनलाइन वेळ आरक्षित करावी लागते. आम्ही हे न पाहताच गेलो आणि पहिल्या खेपेस रस्त्याच्या शेवटी कुंपणाबाहेरूनच टोक पाहून परतलो. आठवड्यातील मोजकेच दिवस ते उघडे असते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ते दिवस पाहून घ्यावेत. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची असावी. समोरच्या कड्यावर लाल पायांच्या बूबी या समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे, आणि नेने हे हवाईचे हंस वाटेत जवळून दिसतात. आल्बट्रॉस नोव्हेंबरच्या मध्यापासून येऊ लागतात, त्यामुळे आम्हाला ते मिळाले नाहीत.

टोकाजवळच निहोकू येथे भक्षक आत शिरू शकणार नाहीत असे कुंपण २०१४ मध्ये पूर्ण झाले. पक्ष्याचे पिल्लू उडण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत बिळाबाहेर येऊन जी जागा पाहते, तीच आपली जन्मभूमी मानते आणि काही वर्षांनी प्रजननासाठी तेथेच परतते. या स्वभावाचा आधार घेऊन २०१५ पासून उआउची आणि २०१६ पासून आओची पिल्ले डोंगरातून आणून येथील कृत्रिम बिळांत ठेवली गेली, आणि मासळी व माकुळाचा पातळ लगदा भरवून वाढवली गेली. कुंपणाच्या आत प्रवाशांना प्रवेश नाही, आणि तो मागूही नये.

मुक्कामाच्या बाबतीत सर्वात महत्त्वाची सूचना दिव्यांची आहे. १५ सप्टेंबर ते १५ डिसेंबर या काळात पिल्ले चंद्र-ताऱ्यांच्या उजेडाच्या रोखाने समुद्राकडे प्रथमच उडतात, आणि रस्त्यांवरील, हॉटेलांतील दिव्यांनी दिशाभूल होऊन घिरट्या घालत खाली पडतात. जमिनीवरून त्यांना पुन्हा सहसा उडता येत नाही. त्यांच्यासाठी तेथील शाळांनी रात्रीचे फुटबॉल सामने दुपारी खेळवले आहेत. आपण निदान गच्चीचा दिवा बंद करून पडदे ओढून घ्यावेत आणि रात्री गाडी हळू चालवावी. पक्षी पडलेला दिसला तर टॉवेलने हलकेच उचलून हवेची भोके असलेल्या खोक्यात ठेवावा, त्याला पाणी किंवा खाणे देऊ नये, आणि हवेत तर मुळीच फेकू नये. अग्निशमन केंद्रांवर अशा पक्ष्यांसाठी पेट्या ठेवलेल्या असतात. १९७९ पासून चालू असलेल्या या उपक्रमातून तीस हजारांवर पक्षी समुद्रात परतले आहेत.

शाकाहारी मंडळींनी कोकेएला जाताना डबा सोबत न्यावा. दिवसा चावणारे पट्ट्यांचे एडिस डासही बेटावर आहेत, त्यामुळे डासरोधक मलम जवळ असू द्यावे. पिल्लांच्या बचावकार्यात हातभार लावायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ योग्य आहे. आओची गाढवाच्या ओरडण्यासारखी हाक ऐकायची असेल, तर मे ते ऑगस्टमध्ये यावे आणि सूर्यास्तानंतर तासभर डोंगरातील एखाद्या सज्जावर, टॉर्च बंद ठेवून, शांत बसावे.