मंडपाच्या कापडाचा देवमासा : आमची वाटचाल

अमळनेरात आमचा मूळ धंदा मंडपाचा. लग्नं, हरिनाम सप्ते, शाळांची गॅदरिंगं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऐन लग्नसराईच्या तारखा रद्द झाल्या आणि गोदामात कापडाचे गठ्ठे पडून राहिले. पोरगी तेव्हा पाचवीला, शाळा मोबाइलवर. एक दिवस विचारते, "पप्पा, निळा देवमासा 30 मीटरपर्यंत वाढतो म्हणे. म्हणजे केवढा?" मी सांगितलं, आपल्या हिशेबात शंभर फूट, जवळपास तीन एसट्या. तिला पटेना. म्हणून निळं कापड काढून गल्लीत अंथरलं. गल्ली संपली, कापड शिल्लक होतं. शेजारची पोरं दारात येऊन बघत बसली. शाळांना समुद्र दाखवायचा आमचा दुसरा धंदा त्या दिवशी सुरू झाला, फक्त ते आम्हाला कळलं नव्हतं.

शाळा उघडल्यावर ओळखीच्या एका गुरुजींनी तो देवमासा शिवूनच मागितला. झालरी शिवणाऱ्या आमच्या शिंप्याने शिवला, आत कूलरच्या पंख्याची हवा सोडली, की पोरं तोंडातून शिरून पोटातून फिरून येतील असा. पहिल्याच शाळेत सातवीतली एक मुलगी शेपटीपाशी थांबली. "ही शेपटी चुकली." शिंप्याने आयुष्यात रोहू-कटलाच पाहिलेले, त्याने शेपटी उभी लावली होती. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवी हलते. देवमासा सस्तन प्राणी, त्याची शेपटी आडवी आणि ती वर-खाली हलते. नावात 'मासा' असला तरी तो मासा नव्हेच. त्या रात्री आम्ही शेपटी उसवली. आता शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो.

पुढची चूक महागात पडली. हौसेने खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी घेतली, रंगीत मासे आणले. एप्रिलचा जळगाव जिल्हा, त्यात वीज जायची. पाणी रोज दोन-दोन बोटं उतरायचं आणि मी पुन्हा खारं पाणीच ओतायचो. आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही. टाकीतलं पाणी खारट होत गेलं आणि आठवड्याभरात मासे गेले. बायकोने हिशेबाच्या वहीत 'टाकी' लिहून पुढे फक्त एक आडवी रेघ मारली. जिवंत प्राणी पुन्हा आणायचा नाही, हे तेव्हाच ठरलं.

पण त्या टाकीनेच आमचा सगळ्यात चांगला धडा दिला. नद्या गोड, मग समुद्र खारट कसा? हा प्रश्न पोरं विचारतातच. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने माठाला, बादलीला पांढरा थर धरतो, तो सगळ्यांच्या घरी आहे. खडकांतले क्षार पाण्यात उतरतात. तापीही तेच घेऊन जाते. समुद्रावरचं पाणी वाफ होऊन ढगात जातं, क्षार तिथेच साचतात, आणि हे कोट्यवधी वर्षं चालू आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. आम्ही तेवढं मीठ लिटरभर पाण्यात विरघळवून चमच्याने एकेक थेंब जिभेवर देतो. पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात. एका गावात एक पोऱ्या थुंकून म्हणाला, "हाई तर आमना बोअरना पानीसारखं शे!"

मध्यंतरी एका विक्रेत्याने प्रवाळाचे तुकडे आणि वाळवलेले समुद्रघोडे स्वस्तात देऊ केले. पैसे जवळजवळ दिलेच होते. एका ओळखीच्या वनरक्षकांनी सांगितलं, प्रवाळ आणि समुद्रघोडा दोन्हींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, नुसते जवळ ठेवले तरी गुन्हा. आता समुद्रघोडा फोमचा असतो, पोटावर पिशवी शिवलेली. पिल्लं नर पोटात वाढवतो हे ऐकून मुलांपेक्षा बाईच जास्त हसतात. खरी वस्तू हवीच असेल तर आठवडी बाजारातले सुके बोंबील पुरतात. पोरांना त्यांचा वास ठाऊक असतो, पण तो जिवंतपणी मऊ अंगाचा, मोठ्या तोंडाचा आणि दातांचा मासा असतो हे बहुतेकांना नवीन असतं.

समुद्र किती खोल ते दाखवायला दोरी वापरतो. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर. मारियाना गर्ता म्हणजे समुद्रातली सगळ्यात खोल जागा, तिचा तळ दोरीवर जवळपास अकरा मीटरवर येतो. पण सूर्यप्रकाश नीट पोचतो तो पहिल्या वीस सेंटिमीटरपर्यंतच, आणि एक मीटरच्या पुढे पूर्ण अंधार. वऱ्हांड्यात दोरी ताणली की तिच्यावर पांढरा भाग वीतभरच दिसतो, बाकी सगळी काळी.

मग पालकच म्हणायला लागले, खरा समुद्र दाखवा. आमची बोरी नदी तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला, म्हणून सुरतेच्या गाडीने डुमसला न्यायचं ठरवलं. पहिल्या सहलीला चाळीस मुलं होती. किनाऱ्यावर पोचलो तर समोर नुसता काळा चिखल आणि लांब कुठेतरी चमकणारी रेघ. "समुद्र कोठे गया, काका?" ओहोटीची वेळ मी पाहिलीच नव्हती. खंभातच्या आखाताच्या या बाजूला पाणी फार लांब जातं. दोन तास भेळ खात बसलो. मग रेघ जाड झाली, पुढे सरकायला लागली आणि बघता बघता चिखलावर पाणी चढलं. पोरं मागे मागे सरत किंचाळत होती. परतीच्या गाडीत सगळे त्याबद्दलच बोलत होते.

तेव्हापासून सहल अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास धरतो, कारण तेव्हा भरती मोठी असते, आणि मुद्दाम ओहोटीच्या वेळी पोचतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, एवढं आता मला तोंडपाठ आहे.

लग्नांचा धंदा चालूच आहे. गॅदरिंग आणि लग्नं एकाच हंगामात येतात, तेव्हा देवमासा आणि शामियाना एकाच टेंपोत जातात. शाळांची बिलं उशिरा निघतात, ती मार्चपर्यंत मागत बसावं लागतं. गेल्या आठवड्यात वाऱ्याने देवमाशाची शेपटी पुन्हा उसवली. शिंपी म्हणतो, या वेळी दुहेरी टाका घालू, पण आडवी की उभी ते आधी लिहून द्या.