मॅनरिंगसाहेब

शनिवार, रात्री उशिरा

सईच्या मैत्रिणी जेवून गेल्या. ओळख करून देताना ती म्हणाली, "ही माझी आई. बँकेत होती." आणि लगेच भाताकडे वळली. खोटं काहीच बोलली नाही. बँकेतच होते मी. पण तेव्हापासून आत काहीतरी टोचतंय, ते अजून निघत नाही.

आवराआवर झाल्यावर निखिलने बीबीसीच्या आयप्लेअरवर 'डॅड्स आर्मी' लावलं, दुसऱ्या महायुद्धातल्या होम गार्डवरची जुनी इंग्रजी विनोदी मालिका. शनिवारचं आमचं ते ठरलेलंच आहे, ईशानसुद्धा त्यासाठी फोन खाली ठेवतो. आज नेमका 'द ऑनरेबल मॅन' लागला, १९७३ सालचा. वॉलमिंग्टन या काल्पनिक गावातल्या बँकेत मॅनरिंग मॅनेजर आणि विल्सन त्याच्या हाताखालचा चीफ क्लार्क. होम गार्डमध्ये, म्हणजे गाव राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या पलटणीतही, मॅनरिंग कॅप्टन, विल्सन सार्जंट. पण विल्सन बड्या घरातला, बड्या शाळेतला. मॅनरिंग एकेक पायरी चढत वर आलेला. या भागात विल्सनच्या घराण्यात कुणीतरी वारतं आणि याच्या नावाआधी 'ऑनरेबल' ही उमराव घराण्यातली पदवी लागते. ज्या गोल्फ क्लबात शिरायला मॅनरिंग वर्षानुवर्षं धडपडतोय, त्या क्लबाचं बोलावणं विल्सनला घरबसल्या येतं. त्याने तर मागितलंही नव्हतं!

सगळे खदखदून हसत होते. एरवी मीही हसते. अशा वेळी मॅनरिंगचं काम करणारा आर्थर लो काय करतो ते बघण्यासारखं असतं: गाल फुगतात, मान आणखी ताठ होते, आणि मग तो हाताखालच्या कुणावर तरी डाफरतो. आज मात्र त्याच्याकडे बघताना माझा घसा दाटून आला.

क्लार्क म्हणून लागले होते. सई लहान असताना रात्री तिला थोपटत सीएआयआयबी या बँकेतल्या परीक्षेचा अभ्यास केला. बदल्या घेतल्या. तेव्हा घरात कोण काय बोललं ते आता नको. पहिल्यांदा केबिनमध्ये बसले तेव्हा गिऱ्हाइकं दारातून डोकावून विचारायची, "मॅडम, साहेब कुठायत?" मी म्हणायची, "बसा, साहेब मीच." आवाज मुद्दाम जाड काढायची. साडीची पिन, टेबलावरची नावाची पाटी, स्ट्राँगरूमची किल्ली पर्समध्ये की ड्रॉवरमध्ये, सगळ्याचा ताठा होता मला. तो नसता तर त्या खुर्चीत टिकलेच नसते. आणि आज "बँकेत होती" एवढ्या दोन शब्दांत आटोपलं.

मग पाणी प्यायला उठले आणि विचार करत बसले. हा मॅनरिंग मला इतका जवळचा का वाटतो? गर्विष्ठ आहे, वरच्यांपुढे नमतो, विल्सनचा मत्सर करतो, पलटणीतल्या पोरगेल्या पाईकला "स्टुपिड बॉय" म्हणतो. तरी १९६८ पासून लोक त्याला बघतायत. एकूण ८० भाग झाले, शेवटचा १९७७ मध्ये. ज्यांनी ते युद्ध पाहिलं ती माणसं बहुतेक गेली, आणि तरी ईशानच्या वयाची मुलं मालिकेतलं "डोन्ट पॅनिक" (घाबरू नका) ओरडत घरभर पळतात. ते नुसतं पडण्या-धडपडण्याला हसणं नसावं.

मला तो कृष्णधवल भाग आठवतो, पलटणीतल्या म्हाताऱ्या गॉडफ्रीच्या घरातला. चर्चच्या घंटा वाजल्यात, म्हणजे जर्मन उतरले अशी यांची समजूत. मॅनरिंग दोन-चार म्हाताऱ्यांना घेऊन त्या चिमुकल्या घरात मोर्चा लावतो आणि सरळ सांगतो की यात बहुधा आपला शेवट होईल, पण आपली तयारी आहे ना? आणि ते हो म्हणतात. चहाला हो म्हणावं तसे. गॉडफ्रीची बहीण तिथे आपल्या पाहुणचाराच्या नादात, आपण हसतोच आहोत, आणि मध्येच लक्षात येतं की हा फुगलेला बँक मॅनेजर खरोखर मरायला उभा राहिलाय. हे नाटक करणं नव्हे. जो माणूस गोल्फ क्लबासाठी झुरतो तोच हा. लेखकांनी त्याचे दोन तुकडे केले नाहीत, म्हणून तो जुना होत नाही.

आणि ती माणसं हवेतून काढलेली नाहीत. १४ मे १९४० ला ब्रिटनचा युद्धमंत्री अँथनी ईडनने रेडिओवरून आवाहन केलं, १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी या, आणि जुलैपर्यंत जवळजवळ पंधरा लाख आले. बंदुका पुरेशा नव्हत्या. शिकारीच्या बंदुका, काठीला बांधलेल्या सुऱ्या, जे मिळेल ते घेऊन पहारे केले. जिमी पेरी पोरगेला असताना स्वतः होम गार्डमध्ये होता, पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर हे लिहिलं. पाईकमध्ये तो स्वतःच आहे. पहाऱ्यावर निघालेल्या पोराला आई मफलर गुंडाळते ते पाहून मला आमच्या आत्याची आठवण येते. पेरी नंतर फौजेबरोबर आपल्या देवळालीलाही होता. त्या छावणीवर दोघांनी आणखी एक मालिका लिहिली, पण ती मला सोसली नाही. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सगळ्यात रडवतो तो गॉडफ्री. 'ब्रँडेड' नावाचा भाग. पहिल्या महायुद्धात आपण लढायला नकार दिला होता असं तो सांगतो, आणि पलटणीतले लोक त्याच्याशी बोलणं टाकतात. मॅनरिंगसुद्धा. मग धुराने भरलेल्या खोपटातून तोच मॅनरिंगला वाचवतो आणि आजारी पडतो. सगळे भेटायला जातात तर भिंतीवर फोटो, छातीवर मिलिटरी मेडल. फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर त्याने जखमी सैनिक उचलून आणले होते, बहिणीने सांगितलं म्हणून कळलं. का लावत नाहीस रे मेडल? तो ओशाळतो. ते काम करणारे आर्नल्ड रिडली स्वतः सोमच्या लढाईत जबर जखमी झाले होते. डाव्या हाताचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. आता तो भाग पाहते तेव्हा मी त्या हाताकडेच बघत राहते.

गॉडफ्रीसारखं गप्प बसणं मला जमणार नाही. मी मॅनरिंगच्या जातकुळीची. मला पाटी लागते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२००५ च्या पुरात सांगलीच्या शाखेत कृष्णेचं पाणी पायरीला लागलं तेव्हा माझी पलटण काय होती? निवृत्तीला टेकलेले कदमकाका, गुडघेदुखीचा शिपाई, नुकतीच लागलेली एक मुलगी आणि सोनंतारण बघणारे सराफ. मी खुर्चीवर उभी राहून हुकूम सोडत होते, एकसारखी "घाबरू नका, घाबरू नका" ओरडत होते, आणि सगळ्यात जास्त मीच घाबरले होते. पण लेजरं वरच्या मजल्यावर गेली. लोकांची सोन्याची पाकिटं गेली. कुणी घरी पळालं नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते दृश्य हसण्यासारखंच वाटलं असतं, आणि हसला असता तरी माझी हरकत नाही. साहेबी आवाज होता म्हणूनच ती साखळी लागली, पाकिटं हातोहात वर गेली. सईला हे सांगितलंय का मी कधी? बहुतेक नाही. तिने तरी कुठून आणायचं?

ईशान मागे एकदा विचारत होता, "आजी, पण हेच लोक तेव्हा आपल्यावर राज्य करत होते ना?" होते. त्याच वर्षांत कुंडलकडे पत्रीसरकार चालू होतं, आणि बाबांचे काका रानोमाळ फिरत होते. ते दोन्ही एका मनात कसं मावतं हे मला सांगता येत नाही. त्याला एवढंच म्हटलं की ज्याला आपलं गाव राखायचंय त्याला मी ओळखते, मग तो कुंडलचा असो की वॉलमिंग्टनचा. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

झोपायला जाण्याआधी निखिलने सांगितलं, या मालिकेचं बरंचसं बाहेरचं चित्रण नॉरफोकमध्ये थेटफर्डला झालं, आणि तिथे मॅनरिंगचा बाकावर बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. शेजारी बसायला जागा ठेवलीय. म्हटलं, मला जायचंय. सई जिन्यातून म्हणाली, "अगं आई, एवढ्या लांब फक्त पुतळा बघायला?"

हो, म्हटलं, पुतळा बघायला. आणि जाताना गाडीत तुला २००५ सालचं काही सांगायचंय.