फ्रीकॅडची ॲपइमेज आपोआप अद्ययावत ठेवताना: माझा अनुभव

आमच्या वर्कशॉपच्या डिझाइन विभागातले सगळे कॉम्प्युटर उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वर चालतात आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. ब्राउझर, ऑफिस, प्रिंटर ही मंडळी एप्टच्या (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवणारं आणि अद्ययावत ठेवणारं साधन) भरवशावर व्यवस्थित चालतात. अडत होतं ते फ्रीकॅड या ड्रॉइंग-डिझाइनच्या सॉफ्टवेअरपाशी. उबुंटूच्या सॉफ्टवेअर भांडारात त्याची आवृत्ती ०.२१ होती आणि ड्रॉइंगवाल्यांना हवं होतं १.०. स्केचमध्ये एखादी कड बदलली की पुढची फीचर्स कोलमडायची, तो जुना त्रास नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० ने बराच कमी केला होता. त्यामुळे त्यांचा आग्रह अगदी रास्त होता.

म्हणून ॲपइमेज घेतली, म्हणजे न बसवता थेट चालवता येणारं सॉफ्टवेअर. एकच फाइल. पुढे छोटा चालक प्रोग्रॅम, मागे स्क्वॉशएफएस या आकसलेल्या फाइल-प्रकारात दाबून भरलेलं सगळं सॉफ्टवेअर. फाइल चालवली की तो भाग टेम्प फोल्डरमध्ये माउंट होतो (फोल्डरसारखा जोडला जातो) आणि प्रोग्रॅम सुरू होतो. रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड लागत नाही. पण नवी आवृत्ती आली की ती आणायची कोणी, मेन्यूत बसवायची कोणी? प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन हे करणं मला पटणारं नव्हतं.

पहिला अडथळा फ्यूजचा, म्हणजे रूटशिवाय असं माउंट करू देणाऱ्या यंत्रणेचा. बऱ्याच ॲपइमेजना लिबफ्यूज२ हे तिचं जुनं पॅकेज लागतं आणि उबुंटू २२.०४ पासून ते आधीपासून बसवलेलं नसतं. २४.०४ वर त्या पॅकेजचं नाव लिबफ्यूज२टी६४. इथे एक कळकळीची सूचना: नुसतं 'फ्यूज' नावाचं जुनं पॅकेज टाकू नका. ते फ्यूज३ ला (त्याच यंत्रणेच्या नव्या आवृत्तीला) हटवतं आणि डेस्कटॉपचे महत्त्वाचे भाग त्याच्याबरोबर उडू शकतात.

मग स्क्रिप्ट (ही कामं आपोआप करणारी छोटी आज्ञावली) लिहिली. गिटहबला (फ्रीकॅडच्या फाइली जिथे मिळतात त्या संकेतस्थळाला) ताजी आवृत्ती विचारायची, आपल्याकडची जुनी असेल तरच फाइल उतरवायची. टोकन (खात्याची ओळख-खूण) न देता गिटहब एका आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) तासाला ६० विनंत्याच घेतं आणि आमचं अख्खं ऑफिस एकाच आयपीमागे आहे. शिवाय फाइल शेकडो एमबींची. म्हणून एकच कॉम्प्युटर बाहेरून आणतो, बाकीचे त्याच्याकडून आरसिंक या फाइल-नकल साधनाने घेतात. उतरवलेल्या फाइलचा एसएचए२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) सोबत दिलेल्या बेरजेशी, म्हणजे त्याच आकड्याशी, जुळला तरच पुढे जायचं. फाइल वाटेत खराब झाली नाही एवढंच यातून कळतं; मूळ जागाच बिघडली असेल तर ही बेरीजही तिथलीच, हे ध्यानात ठेवावं.

खरी काळजी घ्यायची ती बदलण्याच्या क्षणी. कोणी काम करत असताना त्याच फाइलवर नवी लिहिली, तर माउंट झालेलं पोटच बदलू शकतं आणि चालू प्रोग्रॅम कोसळू शकतो. तीन तासांचं असेंब्लीचं काम असं जाऊ देणं मला मान्य नाही. म्हणून प्रत्येक आवृत्ती तिच्या क्रमांकासकट वेगळ्या नावाने ठेवतो आणि 'फ्रीकॅड' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण) नव्या फाइलकडे वळवतो. ज्याचं काम चालू आहे तो जुन्यावरच राहतो, पुढच्या वेळी उघडलं की नवं मिळतं. लिंक वळवण्याआधी स्क्रिप्ट नव्या फाइलला आवृत्ती विचारते. उत्तर आलं नाही तर लिंक हलत नाही. मागची आवृत्ती मी पुसत नाही, चालू प्रोजेक्ट त्यातच पुरा करायचा असेल तर हाताशी असावी.

मेन्यूत प्रोग्रॅम दाखवणारी डेस्कटॉप फाइल सिमलिंककडेच बोट दाखवते, त्यामुळे ती एकदा लिहिली की पुन्हा हात लावावा लागत नाही. डॉकमध्ये (चिन्हांच्या पट्टीत) एकाच प्रोग्रॅमची दोन चिन्हं दिसू लागली तर त्या फाइलमधली 'स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास' ही ओळ तपासा.

वेळापत्रकासाठी क्रॉन या जुन्या साधनाऐवजी सिस्टीम-डीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) युझर टायमर घेतला, आठवड्यातून एकदाचा. त्यात 'पर्सिस्टंट' चालू ठेवलं की त्या वेळी कॉम्प्युटर बंद असला तरी पुढच्या लॉगिनला राहिलेली फेरी होते. शनिवारी मेन स्विच बंद करून जाणाऱ्या आमच्यासारख्या ऑफिसात हे फार उपयोगी पडतं. काही बिनसलं तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, नोंद सापडते.

काही ॲपइमेजमध्ये अपडेटचा पत्ता आतच कोरलेला असतो. तिथे ॲपइमेजअपडेट हे साधन झेडसिंक या पद्धतीने फाइलचे बदललेले तुकडेच उतरवतं आणि पुष्कळ डेटा वाचतो. तो पत्ता नसलेल्या सॉफ्टवेअरना ही स्क्रिप्टच लावली आहे. गिटहबवर नसलेली सॉफ्टवेअर मात्र अजून हातानेच आणावी लागतात.