शेंडा, बुडखा आणि शेपूट

दर सप्टेंबरात बुडापेस्टला शिकायला नवी मराठी मुलं येतात. आठवडाभरात कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं, आणि मग आमच्याकडे पोह्यांच्या बशीपुढे तोच प्रश्न येतो : "काकू, 'कळलं नाही' याला हंगेरियनमध्ये काय म्हणायचं?"

"नेम एर्तेम."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. पण हे दोन शब्द घेऊन मंडईत गेलात की काय होतं तेही ऐका. टोमॅटोवाली तेच वाक्य पुन्हा म्हणते, जरा मोठ्याने. तुम्ही पुन्हा नेम एर्तेम. ती आणखी मोठ्याने. कारण फोनवर आवाज तुटला, शब्द नीट ऐकू आले नाहीत, तरी इथली माणसं नेम एर्तेमच म्हणतात. त्या बाईला वाटतं तुम्हाला कमी ऐकू येतं.

मी संध्याकाळी हंगेरियन मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या वह्यांत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचा शब्द, मधे उभी रेघ. न कळण्याच्या शब्दांचं पान आलं की त्या रेघेची पार वाट लागते.

सुरुवात बरी असते. 'ऑब्स्क्युअर'समोर ते होमायोश लिहितात. होमायोश म्हणजे अंधुक : वाफ धरलेली काच, चष्मा काढल्यावर दिसणारा रस्ता, आणि नीट न उलगडणारं वाक्यसुद्धा. इंग्रजी शब्दाच्या पोटातही लॅटिनमधला अंधार आहे, आणि आपण धूसर म्हणतोच. मग येतो 'इनकॉम्प्रिहेन्सिबल'. एकाने एर्तहेतेतलेन लिहिलेलं असतं, दुसऱ्याने फेलफोगहॉतॉतलॉन, आणि दोघांना निकाल हवा असतो.

या लांबलचक शब्दांना घाबरू नका. एर्त म्हणजे कळणं, हेत म्हणजे शकणं, एतलेन म्हणजे विना. कळू-शकण्या-विना. 'घरातल्यांनासुद्धा' असा शब्द एका दमात म्हणणाऱ्या माणसाला हे शेपटाला शेपूट जोडणं परकं वाटायचं कारण नाही. नातं मात्र काही नाही. इंग्रजी निदान आपली दूरची चुलत बहीण. हंगेरियनची सख्खी माणसं, खांती आणि मान्सी, सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात राहतात.

तर एर्तहेतेतलेन म्हणजे डोक्याला न कळणारं. दुसऱ्या शब्दात फोग आहे, म्हणजे धरणं. हातात धरून उचलता येत नाही असं काहीतरी : कुणाचं अचानक जाणं, आकाशगंगांची अंतरं. त्याला मराठीत चपखल शब्द आहे, अनाकलनीय, आणि त्यातल्या आकलनाचा मूळ अर्थही धरणं असाच. इंग्रजी शब्दातही लॅटिनमधलं पकडणं आहे, पण तो इतका वापरून गुळगुळीत झालाय की प्राप्तिकराच्या फॉर्मलाही चालतो. त्या फॉर्मला फेलफोगहॉतॉतलॉन म्हटलंत तर समोरचा तुमचं सांत्वन करायला लागेल.

खरा घोळ घालतो तो झॉवॉर. झॉवॉरोश म्हणजे गढूळ. पाणी गढूळ, भाषणही गढूळ. पण दार किलकिलं करून "नेम झॉवॉरोक?" विचारतात तेव्हा त्याचा अर्थ, व्यत्यय तर आणत नाही ना? आणि माणूस झॉवॉरमध्ये पडला की तो ओशाळलेला तरी असतो किंवा गोंधळलेला तरी. एकाच मुळावर तीन-चार इंग्रजी शब्द लटकलेले. एका गृहस्थांनी मला वर्गात नम्रपणे सांगितलं, की तुमचं व्याकरण 'डिस्टर्बिंग' आहे. त्यांना 'कन्फ्यूजिंग' म्हणायचं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, आज माझ्या तोंडून काही वावगं गेलं असेल का रे?

म्हणून मुलांना मी सांगते, इंग्रजीवरून उडी मारू नका, मराठीवरून मारा. इंग्रजाला न कळलेल्या गोष्टीचं डोकं सापडत नाही की शेपूट. हंगेरियन माणूस म्हणतो शे फ्युले, शे फॉर्कॉ : ना कान, ना शेपूट. दोघांनी जनावर शोधलं. आपण झाड शोधलं, ना शेंडा ना बुडखा. 'ओ की ठो कळलं नाही' याला त्यांच्याकडे 'एक कुक्कसुद्धा कळलं नाही' आहे. कुक्क म्हणजे तोंडातून निघालेला बारीकसा आवाज. ओ आणि ठो यांचा तो मावसभाऊ शोभेल. याचं इंग्रजी करायला गेलात की आवाज जातो आणि नुसता नकार उरतो. तीच गोष्ट माझ्या सर्वांत आवडत्या वाक्याची : एक आर्वॉ शब्दही कळला नाही. आर्वॉ म्हणजे अनाथ. एखादा पोरका शब्द तरी दारात यावा, तर तोही नाही. (अजिबात पत्ता नसला की तरुण मुलं म्हणतात, माझ्याकडे जांभळी वाफसुद्धा नाही. जांभळीच का, हे विचारू नका.)

न कळणाऱ्या भाषेचं खापर मात्र सगळेच शेजारपाजारच्यांवर फोडतात. इंग्रजाला ते ग्रीक वाटतं, ग्रीकाला आणि हंगेरियनाला चिनी. जर्मनाला 'बोहेमियातली खेडी' कळत नाहीत, आणि त्याच बोहेमियातले चेक म्हणतात, आमच्यासाठी ते स्पॅनिश खेडं. आपण कुणाला हसू नये. गौडबंगाल हा शब्द आपलाच. आणि तुकोबांच्या अभंगात कानडी बाईने मराठी नवरा केला, तेव्हा एकाचं उत्तर दुसऱ्याला कळेनासं झालं होतं.

मुद्दाम न कळेल असं बोलणं ही वेगळी कला. सरकारी खात्यांच्या फुगलेल्या इंग्रजीला वैतागून टेक्ससच्या मॉरी मॅव्हरिक यांनी 1944 मध्ये 'गॉबल्डिगूक' हा शब्द काढला, टर्कीच्या आवाजावरून. इथे त्याच्या जागी हॉलॉन्जॉ वापरलेला दिसतो, पण मला ते पटत नाही. फ्रिजेश कॉरिन्थी या लेखकामुळे प्रसिद्ध झालेली हॉलॉन्जॉ म्हणजे गंभीर चेहऱ्याने, खऱ्या भाषेच्या चालीत बोललेले निरर्थक शब्द. समोरचा बावचळतो आणि बाकीचे हसतात. गॉबल्डिगूक बोलणाऱ्याला आपण विनोद करतोय हे ठाऊकच नसतं.

आता मंडळी, तुम्हाला दिलेल्या त्या पहिल्या उत्तराबद्दल. एर्तेम म्हणजे 'मला कळतं'. पण 'साठी' या अर्थाचा एक प्रत्ययही एर्त असाच आहे, त्यामुळे एर्तेम म्हणजे 'माझ्यासाठी' किंवा 'मला न्यायला'सुद्धा. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात सासूबाई सेगेदहून यायच्या होत्या. फोनवर म्हणाल्या, तीनला पोचते, "एर्तेम यॉस?" मला वाटलं, कळलं का विचारतायत. मी ठणकावून सांगितलं, "इगेन, एर्तेम!" हो, कळलं! आणि भात टाकला. त्या न्युगाती स्टेशनवर पाऊण तास बॅग धरून उभ्या.

तेव्हापासून त्या शब्द बदलून विचारतात, "कियॉस एलेम?" माझ्यासमोर येशील का, म्हणजे घ्यायला. यातला 'ले' दीर्घ आहे. ऱ्हस्व ऐकू आला, तर एलेम म्हणजे घड्याळात घालायचा सेल. पहिल्यांदा मी स्टेशनवर वेळेत पोचले, पण पर्समध्ये चार सेलही होते.