पंधरा वर्षांची गाडी आणि साडूंचा व्यवहार

२०२४ च्या पावसाळ्यात बेळगावजवळ हिंडलग्याच्या पुढे हिने गाडीत पाय वर घेतले आणि म्हणाली, "अहो, खालून पाणी येतंय." मॅट उचलून बघितली तर गालिचा चिंब. काचेच्या रबरातून झिरपत असेल, अशी मी समजूत काढली आणि विषय मिटवला. मिटला नव्हता.

गाडी जून २०१० ची, छोटी पेट्रोल. म्हणजे जून २०२५ ला पंधरा वर्षं भरणार होती आणि पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, संपणार होती. खाजगी गाडीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड. क्लच जड झालेला, पुढचे शॉकअप खड्ड्यात ठकठक करायचे, टायर गुळगुळीत. एप्रिलमध्येच ठरवलं, आता काय तो सोक्षमोक्ष लावू.

आधी जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. आरसीवरची तारीख बघितली आणि म्हणाला, "पंचावन्न. पासिंग करून आणलात तर बघू." मग उद्यमबागेत आमच्या फिटरकडे. क्लच साडेसहा हजार, शॉकअप आणि लोअर आर्म आठ, टायर साडेतेरा, असं पाटीवर खडूने लिहीत गेला. मी मनात बेरीज करतोय तोवर त्याने डावीकडचा गालिचा उचलला आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला.

"गुरुजी, इंजिनाला काय होत नाही ओ. मी बघितलो. पण हा पत्रा बघितलात काय कधी?"

पत्र्याचे सात हजार. एकूण पस्तीस, वर पासिंग, म्हणजे चाळीस. पंचावन्न हजारांच्या गाडीवर चाळीस घालायचे? गणित शिकवणाऱ्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. विकायचं ठरवून घरी आलो.

त्याच रविवारी चंदगडचे साडू आले. त्यांना काजूच्या बागेत जायला गाडी हवीच होती. "साठ देतो. बाहेर कशाला विकताय? घरचीच गाडी." मलाही बरं वाटलं. पण गाडी केए २२, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगावची, आणि शिनोळीपासून पुढे महाराष्ट्र. रीतसर करायचं तर इथल्या आरटीओकडून ना-हरकत घ्यायची. त्यासाठी फॉर्म २८, त्यावर चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिलने उठवलेला छापा. मग कोल्हापूरच्या आरटीओत नवा नंबर, पुन्हा कर. तोवर इथलं पासिंगही संपणार. साडू हसले. "एवढ्याशा गाडीला एवढं कोण करतंय? राहू दे की तुमच्याच नावावर. आमच्याकडे केए पासिंगच्या गाड्या काय कमी आहेत?"

इथे मी अडलो. पैशावरून नव्हे. आरसीवर माझं नाव असेपर्यंत कायद्याने मालक मीच. उद्या एखाद्या वळणावर काही झालं आणि विम्यात खोट निघाली, तर भरपाईसाठी मलाच ओढणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय: गाडी विकून ताबा दिला असला, तरी नोंद ज्याच्या नावावर तो जबाबदार. हे साडूंना कसं सांगायचं? आपल्या माणसासमोर कायदा काढला की विश्वास नाही असा अर्थ होतो. दोन रात्री हा प्रश्न मला चाळीस हजारांपेक्षा जड गेला. शेवटी सगळा दोष सरकारवर ढकलला आणि "नावावर केल्याशिवाय देत नाही" एवढंच बोललो. साडू महिनाभर फोनवर जरा तुटकच होते.

फिटरला हे सांगितलं तर तो वेगळंच बोलला. "पंचावन्नात दुसरी कुठली गाडी मिळते ती आणा, मी बघतो. तिचा पण क्लच गेलेलाच असणार. फक्त कोणी कसा घालवला ते तुम्हाला म्हाईत नसणार." माझी बेरीज बरोबर होती, पण मी ती चुकीच्या आकड्याशी ताडून बघत होतो. आमची गाडी वर्षाला साडेचार हजार किलोमीटरही पळत नाही. पत्रा फक्त एका बाजूला कुजलाय आणि चासी शाबूत आहे, हे त्याने गाडी उचलून मला खाली वाकवून दाखवलं. दोन्हीकडून कुजली असती तर मी पंचावन्न घेऊन मोकळा झालो असतो.

काम झालं. एमिशन, म्हणजे धुराचं सर्टिफिकेट, काढलं, नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरला. तपासणीला इन्स्पेक्टरने दिवे, हॉर्न बघितले आणि चासी नंबर वाचायला मागितला. तो पंधरा वर्षांच्या मळीखाली होता. मी रुमालाने घासत बसलो, तो रुमाल अजून काळाच आहे.

जूनच्या शेवटी आरसी आली, २०३० पर्यंतची. ऑगस्टमध्ये शिनोळीला पाऊस असा की पुढचं दिसेना. हिने काही न बोलता मॅट उचलली, हात फिरवला, परत ठेवली. चंदगडला साडूंनी काजूची पिशवी त्याच मॅटवर ठेवली आणि दार लावता लावता म्हणाले, "विकायची झाली तर आधी मला सांगा. नावावर करूनच घेतो."