जात्रेची वीज आणि माझी वही

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. १९८८ पासून आमच्या ग्रामदेवतेच्या जात्रेचं मेन कनेक्शन मी जोडतो. पालखी देवळाबाहेर पडली की टाँग टेस्टर केबलला लावायचा, किती अँपियर ओढतोय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. किती किलोवॅट झाले, कुठे काय लावलं, फ्यूज कधी गेला, सगळं. फ्यूज का जातो ते कळावं एवढ्यासाठीच लिहायला सुरुवात केली होती. गेल्या रविवारी, देवस्थानचा कारभार बघणाऱ्या महाजनांच्या बैठकीत ही वही पहिल्यांदा चारचौघांत उघडली आणि त्यावरून अडीच तास वाद झाला. त्या वादात मला बोलायचं होतं ते सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. देवस्थान जुनं आहे. कारभार पोर्तुगीज अमदानीतल्या १९३३ च्या कायद्याप्रमाणे महाजन बघतात आणि वर मामलेदार. बैठकीपुढे दोन विषय होते. सभागृहाला दोन टनांचे बारा एसी बसवायचे आणि जात्रेच्या रोषणाईचं कंत्राट गेल्या वर्षीपेक्षा मोठं द्यायचं. रोषणाईचं काम बाहेरचा कंत्राटदार करतो, माझं फक्त मेन. एसी लागले काय, न लागले काय, मला त्यात पैसा सुटत नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, एसी नको, आणि रोषणाई निम्मी करूया.

लगेच आमचे ट्रकवाले भाई उठले. एके काळी त्यांचे पाच टिप्पर खाणीवर चालायचे. ते म्हणाले, "तुझ्या वहीत तेरा सालचं पान आहे ना? ते वाच आधी."

मी वाचलं. २०११ ला लोड होता ३८ किलोवॅट. २०१३ ला ९.

मधे काय झालं ते डिचोली-सत्तरीत कुणाला सांगावं लागत नाही. २०१२ च्या पावसाळ्यानंतर खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, टायर उन्हात तडकले, बँकेचे हप्ते मात्र चालूच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. जरा श्वास घेतोय तोवर २०१८ च्या फेब्रुवारीत खाणींच्या ८८ लीझचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. भाई म्हणाले, "तेरा साली जात्रेत काळोख होता. लोक म्हणत होते देवी कोपली. देवी कोपली नव्हती, आमच्या खिशात दमडी नव्हती. मी त्या काळोखात बसलोय. मला परत तो नको. आणि दिवे कमी करा म्हणून सांगतोस ते कुणाला? माझी पोरं आता कुठे सावरलीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. आमच्या वाड्यावर वीज आली १९७४ ला. तोवर आई चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापायची आणि सकाळी तिच्या नाकपुड्या काजळीने काळ्या असायच्या. पहिला बल्ब लागला तेव्हा तिने त्याला हळद-कुंकू लावायला हात वर केला आणि वायरमनने तो मधल्या मधे धरला. त्या वायरमनकडे बघूनच मी या धंद्यात आलो. वीज वाईट, पैसा वाईट, असं मी कधी म्हणणार नाही. पैसा नसला की काय होतं ते मी पाहिलंय. औषधं अर्धी घेतली जातात, पोरीचं कॉलेज सुटतं.

पण वहीत पुढची पानंही आहेत, आणि खरं तर मला तीच वाचायची होती. २०१७ ला आम्ही सगळे हॅलोजन काढले. एकेक हॅलोजन ५०० वॅटचा. त्या जागी एलईडी आले, तेवढाच उजेड शंभर वॅटच्या आत. खाणी तेव्हा चालू होत्या, वर्गणी चांगली जमली होती, आधीच्या दोन जात्रांपेक्षा दिवे जास्त होते आणि तरी लोड आला फक्त ११. त्या रात्री मला एवढा आनंद झाला की मी भटजींना झोपेतून उठवून आकडा सांगितला. मला वाटलं, सुटला प्रश्न. उजेडही राहिला आणि वीजही वाचली.

२०२४ ला लोड आला ४१. त्यात एकही हॅलोजन नाही. सगळे एलईडीच. दिवा स्वस्त झाला म्हणून तो पार तिठ्यापर्यंत लागला. आधी एक कमान होती, आता सात. आभाळात झोत फिरवणारे शार्पी दिवे आले, रंगमंचामागे एलईडीची भिंत आली, दोन जनरेटर आले. ते दोन जनरेटर या ४१ मध्ये धरलेलेच नाहीत. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय: इंजिन जितकं कमी कोळसा खाणारं होईल तितका देशाचा एकूण कोळसा जास्त जळेल, कारण मग जो तो इंजिन वापरायला लागेल. मला हे माझ्या पुतणीने सांगितलं, वही बघून. एकशे साठ वर्षांपूर्वी कुणी लिहिलेली गोष्ट आमच्या देवळासमोर खरी झालेली बघून मी गप्पच झालो.

म्हणून मी बैठकीत सांगितलं, नुसते चांगले दिवे लावून वीज वाचणार नाही. कुणीतरी पुरे म्हणायला लागेल.

आणि ती वीज येते कुठून? गोव्यात म्हणण्यासारखं वीज केंद्र नाही. आपली बरीचशी वीज छत्तीसगडच्या कोरब्यासारख्या ठिकाणाहून येते, कोळसा जाळून. एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा. मी फळ्यावर हिशेब मांडला. ४१ किलोवॅट, रात्रीचे आठ तास, पाच रात्री. १६४० युनिट. म्हणजे आमच्या देवीच्या पाच रात्रींसाठी टनाच्या वर कोळसा. कोरबा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, पण तिथेही एखादं ग्रामदैवत असेल, त्याचीही जात्रा भरत असेल, आणि राख तिथल्या लोकांच्या अंगणात पडते. ती वीज इथे पोचायला तारा लागतात. छत्तीसगडमधल्याच तमनारहून येणाऱ्या ४०० केव्हीच्या लाईनसाठी गोव्याच्या सीमेवरच्या मोलेच्या जंगलात झाडं पडणार म्हणून केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात, जुन्या २२० केव्हीच्या पट्ट्यातूनच नवी लाईन न्यावी, अशी वाट निघाली. त्याच जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले, त्यात माझी पुतणी होती. ती घरी आली तेव्हा तिच्या ओढणीवर मेणाचे थेंब होते. मी तिला तेव्हा विचारलं होतं, "लाईन नको तर वीज कुठून आणायची?" ती म्हणाली, "काका, आधी लागते किती ते तरी बघूया." तेव्हा मला तिचा राग आला होता. मी वीजवाला माणूस, मला लाईन आली तर हवीच होती. पण ती वही मागायला आली ती त्यानंतरच.

परवा ती सभागृहाच्या दारात उभी राहून ऐकत होती. आमच्या महाजनांच्या यादीत बायकांची नावं नाहीत. जात्रेत दिवजं, म्हणजे मातीचे पेटते दिवे, घेऊन देवळाभोवती फिरतात त्या बायका, उजेड त्यांच्या हातात, आणि किती दिवे लावायचे हे ठरवताना त्या दाराबाहेर. हे मला बोचतं. पूर्वी एवढं बोचत नव्हतं, आता बोचतं.

मग भटजी बोलले. कुणीतरी मागून कोकणीत ओरडलं होतं, "देवाक उणें करूं नाका!" आमच्याकडे हे वाक्य आलं की चर्चा संपते. देवाचं नाव घेतलं की हिशेब मागणारा पापी ठरतो, आणि मला धर्माची हीच गोष्ट सलते. देवाच्या पुढ्यात तोंड बंद करायची गरज नाही. आपण गाऱ्हाणं घालतो ते बोलूनच घालतो. पण भटजींनी हात वर केला आणि म्हणाले, "गाभाऱ्यात नंदादीप एकच असतो. माझ्या आज्यापासून एकच. कधी कुणी म्हटलं नाही देवाला उणं झालं." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या वहीत नंदादीप आहे काय रे?" नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांत तो एकदाही लिहावा लागला नाही. तेल घालणाऱ्यांचे हात बदलले, तेल तेवढंच.

ते पुढे देवराईवर आले. सत्तरीत केरीला आजोबाची राय आहे, ती बघितलेले बरेच जण बैठकीत होते. तिथल्या वाळल्या काडीलाही कुणी हात लावत नाही. वनखात्याचा शिपाई नाही, कुंपण नाही, फक्त देवाचा धाक. भटजींचं म्हणणं एवढंच की जो देव कुऱ्हाड थांबवू शकतो तो स्विचही थांबवू शकेल. मला हे मनापासून पटलं. सरकार सांगतं, १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो, २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. कुणी २४ वर ठेवत नाही, रिमोट हातात घेतला की १८. पण देवळाने ठरवलं की एकादशीला मासळी नाही, तर आख्ख्या गावात वास येत नाही. एवढं वजन दुसऱ्या कुणाच्या शब्दाला आहे? धर्माची समाजात जागा कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, इथे. पुरे म्हणायच्या जागी. मतं मागायच्या नाही आणि तोंडं गप्प करायच्याही नाही.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. माझ्याच दिव्यांच्या माळा म्हापशाकडच्या चर्चच्या एका फेस्ताला, म्हणजे सणाला, जातात. तिथल्या पाद्रींनी मला एकदा चहा पाजताना सांगितलं की पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वीच्या निगेबद्दल जगाला मोठं पत्र लिहिलं आणि त्यात एसीच्या वाढत्या वापराचाही उल्लेख आहे. फेस्ताचा मांडव मात्र आमच्या जात्रेच्या तोडीचाच झगमगत होता, आणि पाद्रींनाही ते खटकत होतं. आपल्याच शिर्डीला २००९ मध्ये प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ सौर तबकड्या बसल्या, उन्हाच्या वाफेवर हजारोंचं जेवण शिजायला लागलं. साईबाबांना काही उणं पडलं नाही.

सभागृहाचं छप्पर दक्षिणेकडे उतरतं, झाडाची सावली नाही. एसीच्या पैशात तिथे चांगले सोलर बसतील आणि वर भिंतीला झरोके, मोठे पंखे. आमचे जुने लोक एवढी उंच छपरं आणि दोन्ही बाजूंना बाल्कांव, म्हणजे बसायच्या ओसऱ्या, उगीच ठेवत नव्हते. हेही मी बोललो, पण तोवर लोक उठायला लागले होते.

एक गोष्ट बोलायची राहिली ती नाटकाची. जात्रेला गावची पोरं मराठी नाटक करतात, पहाटेपर्यंत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत डिमर नव्हता. आम्ही मातीच्या मडक्यात मिठाचं पाणी घ्यायचो, तळाला एक पत्रा, वरून दोरीला बांधलेला दुसरा. दोरी सैल सोडली की पत्रे जवळ यायचे आणि रंगमंचावर हळूहळू उजाडायचं. मडकं गरम व्हायचं, वीज त्यात फुकट जायची, आणि जीवाला धोका होता तो वेगळाच. आज कुणाला ते करू देणार नाही. पण नायिका वृंदावनाशी येऊन उभी राहायची तेव्हा मी श्वास रोखून इंचाइंचाने दोरी सोडायचो, आणि समोर हजार माणसं अंधारात बसलेली असायची, एकही चुळबुळ नाही. तेव्हा आख्ख्या जात्रेचा लोड होता ४ किलोवॅट. आता एलईडीच्या भिंतीसमोर तीच पोरं घसा फोडून बोलतात आणि मागचे लोक आभाळातला शार्पी बघत बसतात.

बैठकीत ठरलं ते एवढं. एसी मंजूर झाले, माझा विरोध लिहून घेतला. सोलरचं अंदाजपत्रक मामलेदारांकडे पाठवायचं. कमानी सातच्या चार. आणि पालखी देवळाला फेरी घालत असेल तेवढा वेळ मेन बंद, फक्त दिवट्या आणि दिवजं. हे शेवटचं भाईंनी सुचवलं, मी नाही. म्हणाले, "जनरेटरही बंद. पण फेरी संपली की लगेच चालू करायचं, हां. पोरं लहान आहेत."

सोमवारी सकाळीच मी मेन बोर्डाचा चेंजओव्हर उघडून बघितला. खटका फार कडक झालाय, एका हाताने ओढत नाही. जात्रेआधी बदलायला हवा. पुतणीला सांगितलंय, त्या रात्री टाँग टेस्टर तिने धरायचा आणि वहीत आकडाही तिनेच लिहायचा.