आमची वाटचाल : रिक्षाच्या टपापासून डोअर पॅडपर्यंत

कुडाळात हायवेपासून जरासं आत आमचं दुकान आहे. बाबांनी ते टाकलं तेव्हा पाटी नव्हती. ‘कुशनवाल्यांकडे जातो’ एवढं सांगितलं की लोकांना कळायचं. काम रिक्षाच्या टपांचं आणि वडापच्या गाड्यांच्या सीटांचं. रेक्झिनचे रोल कोल्हापूरहून एसटीने फोंडा घाट उतरून यायचे. रंग काळा, मरून आणि मिळाला तर एक मातकट चॉकलेटी. गिऱ्हाईक रंग निवडत बसत नसे. त्याचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘मेस्त्री, ह्या किती पावसाळे टिकतला?’’ बाबा उत्तर द्यायच्या आधी रेक्झिन उलटं करायचे, मागचं कापड बघायचे, कोपरा नखाने सोलायचे आणि मगच आकडा सांगायचे. आजही दुकानात नवा रोल आला की आधी तो उलटा होतो.

धंद्याला वळण लावलं ते बोटींनी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबागकडे पर्यटकांच्या बोटी वाढत गेल्या. त्यांच्या गाद्या आमच्याकडे दुरुस्तीला यायला लागल्या. वरून रेक्झिन धड, पण शिवणीला हात लावला की उसवलेली. दोरा सुती, तो कुजलेला. पिना लोखंडी, त्यांचा गंज रेक्झिनमधून वर उमटलेला. खालचं प्लाय फुगून पदर सुटलेलं. दिसणारा माल शाबूत आणि न दिसणारा सगळा गेलेला. तेव्हापासून दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा, पिना स्टेनलेस स्टीलच्या आणि रेक्झिन मरीन ग्रेडचं, म्हणजे ज्यात बुरशीला आणि उन्हाला तोंड देणारी द्रव्यं आधीच मिसळलेली असतात, असा आमचा शिरस्ता पडला. बोटवाल्यांनी कुरकुरत पैसे दिले. पुढच्या हंगामात शेजारच्या बोटवाल्याला त्यांनीच पाठवलं.

कारच्या आतलं काम मात्र आमच्याकडे मातीने आणलं. मधल्या काळात कंपन्यांनी डिझायर, वॅगनआरसारख्या गाड्यांना आतून बेज रंग द्यायला सुरुवात केली. शोरूमच्या उजेडात तो छान दिसतो. इथे मे महिन्यात मागे आंब्याच्या पेट्या, जूनपासून तांबड्या चिखलाचे पाय, आणि बाजाराहून येताना बांगड्याच्या पिशवीतून गळलेलं पाणी. दोन पावसाळ्यांत डोअर पॅडचा, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाचा, खालचा भाग जांभ्याच्या रंगाचा होतो आणि धुऊन जात नाही, कारण प्लास्टिकच्या बारीक दाण्यांत माती बसलेली असते. लोक यायचे आणि म्हणायचे, सगळं काळं करून टाका.

सरसकट काळा आम्ही करत नाही. डॅशबोर्डचा वरचा भाग गडद आणि मॅटच हवा, नाहीतर त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि गाडी चालवणाऱ्याला त्रास होतो. पण उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापतो. दारं आणि पिलरही, म्हणजे काचांमधले खांबही, काळे केले तर दुपारी आत हात टेकवणं नको होतं. शिवाय काळ्यावर लाल धूळ जितकी उठून दिसते तितकी कशावरच नाही. डोअर पॅडच्या खालच्या भागाला आम्ही तपकिरीकडे झुकणारा राखाडी सुचवतो. कॅटलॉगमध्ये तो कुणाला आवडत नाही. गाडीत लागल्यावर तक्रार येत नाही.

आता चढवायच्या मालाबद्दल. यावर दुकानात सगळ्यात जास्त वाद होतात. विक्रेता सॅम्पलची वही उघडतो आणि आधी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं नकली चामडं, दाखवतो. हाताला मऊ, दिसायला चामड्यासारखं, वास नाही. गिऱ्हाईक तिथेच हरतं. स्वस्त पीयूचा वरचा थर बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला ओलावा त्याची साखळी हळूहळू तोडतो. त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. कोरड्या गावात हा माल बरीच वर्षं निभावतो. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे त्याचे जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे पोपडे सुटतात. बाहेरून काम करून आलेल्या अशा गाड्यांचे आर्मरेस्ट आम्ही इतके सोलले आहेत की पोपडा बघूनच माल ओळखू येतो. पॉलिकार्बोनेट जातीचं पीयू टिकतं, पण महाग असतं, आणि ते खरंच तसलं आहे का हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून आम्ही विक्रेत्याकडे ‘जंगल टेस्ट’चा रिपोर्ट मागतो. ७० अंश तापमानात आणि ९५ टक्के आर्द्रतेत माल आठवडेच्या आठवडे ठेवून ही चाचणी करतात. रिपोर्ट म्हटल्यावर निम्मे विक्रेते वही मिटतात.

खऱ्या चामड्याचा आग्रह धरणारेही येतात. जुलैत पंधरा दिवस गाडी बंद राहिली की त्यावर पांढरी बुरशी धरते. मुंबईकर मंडळी गावच्या गाडीसाठी चामडं मागतात, तेव्हा मी आधी विचारतो, पावसात गाडी रोज कोण उघडणार?

उरतं ते पीव्हीसी, म्हणजे आपलं जुनं रेक्झिन. ओलाव्याने ते फुटत नाही. त्याचं दुखणं वेगळं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, आणि हलक्या मालातलं प्लास्टिसायझर उन्हाने उडून काचेच्या आतल्या बाजूवर तेलकट धुकं धरतं. पावसाळी रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यावर फुटला की रस्ता दिसत नाही. तेच प्लास्टिसायझर खालच्या बाजूने सोल्युशनमध्ये, म्हणजे माल चिकटवायच्या गोंदात, झिरपतं, सोल्युशन चिकट होतं आणि कडा उचलतात. म्हणून माल घेताना त्याचा तुकडा आम्ही काचेच्या बरणीत झाकून उन्हात ठेवतो. संध्याकाळी बरणीवर साय आली की तो रोल परत. जाडी साधारण ०.८ ते १.२ मिलिमीटर. डोअर पॅडच्या खोलगट भागाला मागे होजियरीसारखं विणलेलं, चहूकडे ताणणारं कापड लागतं. सपाट भागाला साध्या विणीचं चालतं. साध्या विणीचा माल खोलगटात ताणून बसवणारे कारागीर आहेत. तो महिनाभर सुंदर दिसतो, मग मधोमध फुगा येतो. गाडीच्या आतल्या मालाला आग किती वेगाने पसरावी यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. त्याचा दाखला नसलेला माल कितीही देखणा असो, गाडीत आम्ही लावत नाही. दुकानातल्या स्टुलांना लावतो.

सोल्युशनचं तंत्र सगळ्यांना ठाऊक आहे: दोन्ही अंगांना लावायचं, बोटाला तार सुटेनाशी झाली की दाबायचं. कोकणातल्या पावसात यात एक मेख आहे. सोल्युशनमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. डोळ्यांना दिसेल न दिसेल असा घाम असतो, पण त्याने पकड निम्मी होते. म्हणून जूनपासून आम्ही पॅनल आधी हॅलोजनखाली कोमट करतो, सोल्युशन सुकवतानाही दिवा चालू ठेवतो, आणि कड वळवताना हीट गन हातातच असते. उष्णतेला टिकणारं, स्प्रेने मारायचं सोल्युशन महाग पडतं. दाराला आणि छताला तेच वापरतो. डब्यातलं स्वस्त सोल्युशन डिकीच्या फळीपुरतं.

आणि दाराच्या आतला तो प्लास्टिकचा कागद! डोअर पॅड काढलं की मागे ब्युटाइलच्या काळ्या चिकट पट्टीने लावलेलं प्लास्टिक दिसतं. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पावसाचं पाणी ते अडवतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जाऊ देतं. स्पीकर बसवताना कुणीतरी ते फाडलेलं असतं. ते नीट न लावता वर कितीही भारी माल चढवा, हार्डबोर्डचं पॅड पहिल्याच पावसात पाणी पिऊन वाकतं. आमच्याकडे या कागदाचे वेगळे पैसे लावत नाही. लावले तर गिऱ्हाईक ‘ते राहू दे’ म्हणतं.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या एका गॅरेजवाल्या मित्राने टेम्पो भरून डोअर पॅड, छतं आणि कार्पेट पाठवले. जुन्या गाड्यांची हार्डबोर्डची पॅड आणि लाकडी भुश्शाची दाबीव पॅड फुगून गेली होती. त्यांचं काही करता आलं नाही, फक्त फर्मे, म्हणजे आकाराचे नमुने, काढून घेतले. साच्यातल्या प्लास्टिकची पॅड मात्र प्रेशरने धुतल्यावर सरळ निघाली. आजही जुन्या गाडीचं हार्डबोर्ड बदलायचं झालं तर आम्ही त्या फर्म्यावर एबीएस, म्हणजे कडक प्लास्टिक, किंवा पीव्हीसी फोमची शीट कापतो. वजन जरा वेगळं लागतं, दार लावताना आवाजही वेगळा येतो. चालवून घ्यायचं.

रंगकाम आम्ही बरंच उशिरा सुरू केलं, कारण रंग मारणं सोपं आणि तो टिकवणं कठीण. पॅनल उलटं केलं की मागे बाणांच्या कंसात अक्षरं असतात: एबीएस, पीपी, कधी पीपी-टी२०, म्हणजे २० टक्के टाल्क घातलेलं पॉलिप्रॉपिलीन. सगळा खेळ त्या अक्षरांवर. एबीएसवर रंग बसतो. पीपीचा पृष्ठभाग मेणचट असतो, रंगाला धरतच नाही. त्याला आधी पीपीसाठीचा अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर लागतो, ज्याला बाजारात प्लास्टिक प्रायमर म्हणतात. पण डब्यावर पीपी लिहिलंय का ते वाचून घ्यावं. अक्षरं नसतील तर तुकडा पाण्यात टाकून बघतात. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्कवालं पीपीही बुडतं, तेव्हा एवढ्यावर विसंबू नये. मागच्या बाजूला एका थेंबभर अ‍ॅसिटोनने पुसावं. एबीएस मऊ पडून चिकटतं, पीपी ढिम्म.

स्पर्शाला रबरासारखे लागणारे काही पॅनल दमट हवेत वर्षांनी चिकट होतात. वरचा सॉफ्ट-टच थर विरघळायला लागलेला असतो. त्यावर रंग मारला तर तोही चिकट. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो थर पूर्ण खरवडून काढावा लागतो आणि या कामाला आमच्याकडे कुणी आनंदाने हात लावत नाही. २०२० नंतर सॅनिटायझरने हेच काम वाढवलं. हँडलवर, आर्मरेस्टवर साधा एकेरी, म्हणजे एकाच घटकाचा रंग असेल तर अल्कोहोल तो उचलतं. म्हणून जिथे हात लागतो तिथे वर दोन घटकांचा मॅट पीयू लॅकर मारतो. यातलं हार्डनर, म्हणजे लॅकर कडक करणारा दुसरा घटक, आयसोसायनेटचं असतं, छातीला वाईट. बंद खोलीत, रुमाल बांधून हे काम करणारी पोरं बघितली की मला राग येतो. फिल्टरचा मास्क आणि ओढून घेणारा पंखा नसेल तर करू नये.

शिलाईचं सगळं वहिनी बघते. ती आधी ब्लाउज शिवायची. डॅशबोर्डच्या चढवणीत दोन शिवणी समांतर यायला हव्यात हे मशीनवाल्या पोरांना सांगून कळत नाही, तिला दिसतं. एअरबॅगच्या बाबतीत मात्र तिचंही ऐकत नाही. २०२२ पासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या आहेत, आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग फुटून बाहेर येण्याची जागा आतून मुद्दाम पातळ केलेली असते. त्यावर रेक्झिन चढवलं की ती अडते. पिलरवर ‘एअरबॅग’ अशी अक्षरं असतील तर तो पिलरही आम्ही मढवत नाही. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथली शिवण उसवत नाही. त्यावरून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं आहे, जातंही.

छताचं काम आता सगळ्यात जास्त येतं. कापड लोंबायला लागलं की लोक आधी टाचण्या मारतात. आत कापडाला चिकटलेला पातळ फोम भुगा झालेला असतो. तो भुगा ब्रशने पूर्ण झाडल्याशिवाय नवं कापड लावलं तर ते भुग्याला चिकटतं, बोर्डाला नाही. झाडायला लावण्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. मखमल कुणी मागितली तर नाही म्हणतो, कारण ती दमट वास धरते.

चढवण्याचं काम बारा महिने चालू असतं. रंगाचं काम नोव्हेंबर ते मे. पावसात थिनर उडताना रंगावर पांढरी झाक येते, आणि पॅनल हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी पृष्ठभागावर बसतं त्यापेक्षा, किमान तीन अंश गरम ठेवायचं म्हणजे खोलीच वेगळी लागते. तशी छोटी खोली, डीह्युमिडिफायरसह, आता मागच्या पडवीत बांधतो आहोत. गणपतीला गाडी नवी दिसायला हवी असेल तर रंगासाठी मे संपायच्या आत या. आणि येण्याआधी डॅशबोर्डला सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश लावू नका. ते प्लास्टिकवर बसून राहतं, रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात, आणि ते धुऊन काढण्यात आमचा एक दिवस आणि तुमचे जास्तीचे पैसे जातात.